क्रमाने लावा

ओडेल, रात्रपाळीला मी लॉन्ड्रीत मागच्या बाजूला बसते,
आठ नंबरच्या ड्रायरशेजारी. तो बंद असला तरी ऊब धरून असतो.
बाहेर डेटनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ,
आत कुणाच्या तरी जीन्सची बटणं काचेवर टकटक करतायत
आणि मांडीवर पुस्तक : पॅरोल अधिकारी, प्रवेश परीक्षा.
जुनंच घेतलं, चार डॉलरला.
एकशे बाराव्या पानापर्यंत आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा,
पुढे कोरं.
पास झाला असेल, की कंटाळला?

पहिला भाग स्मरणशक्तीचा.
चित्र दोन मिनिटं पाहा, पान उलटा, उत्तरं लिहा.
बसथांब्यावर माणसं किती. छत्री कुणाच्या हातात.
हे मला शिकवायला नको.
मी नऊ वर्षांची, मिस्टर ह्रुस्का आपल्या स्वयंपाकघरात,
दोनच मिनिटं असतील.
तपकिरी बूट, डाव्याची नाडी सुटलेली.
फ्रिज उघडला त्यांनी : अंडी चार, दूध तळाशी.
टेबलावर शेजारणीकडून मागून आणलेलं कापड,
त्यावरची इस्त्रीची घडी मोडलेली नाही.
तू खिडकीपाशी, हात मागे.
हात मागे घे असं कुणीच म्हणालं नव्हतं.
विचारा मला काहीही.

दुसरा भाग अवघड जातो.
‘देखरेखीखालील व्यक्ती सलग दोन भेटींना गैरहजर राहिली.
सर्वप्रथम तुम्ही काय कराल?’
अ, ब, क, ड.
त्या महिन्यात बसचं वेळापत्रक बदललं होतं
आणि थांब्यावरचा कागद जुनाच होता,
आणि तू पावसापाण्याचा चालत निघालास, चाळीस मिनिटं उशिरा पोचलास,
हे चारातल्या एकातही बसत नाही.
अकरा आठवडे नेलं होतं तुला.
मी पेन्सिल ठेवते, पुन्हा उचलते.
उत्तर क आहे. मला माहीत आहे क आहे.

मंगळवारी तू ट्रक धुता धुता फोन केलास.
‘वाच,’ म्हणालास.
माझे पर्याय वाचून व्हायच्या आधीच तुझं उत्तर तयार.
पंधरापैकी तुझे चौदा, माझे अकरा.
फवाऱ्याच्या आवाजावरून तुझं हसू ऐकू आलं,
मग, ‘मी फी भरून शिकलोय गं.’
हसावं की नाही कळेना, म्हणून मी गल्ल्यातली नाणी मोजत बसले.
अर्ज मात्र तुला भरता येत नाही.

माझ्या अर्जात एकोणिसावा प्रश्न :
जवळच्या नात्यात कुणाला शिक्षा झाली आहे का?
रकाना दोन बोटांचा.
खाडाखोड करू नये, अशी खाली सूचना.
तुझं पूर्ण नाव लिहिलं, मधलं सुद्धा, आईने ठेवलेलं,
पुढे ‘सख्खा भाऊ’.
जागा उरली नाही.

शेवटचा भाग अहवाललेखन.
दिलेली वाक्यं क्रमाने लावा.
पुस्तकातली सोपी असतात, आधी दार वाजतं मग उघडतं.
मी समासात आपली लिहून पाहिली :
तो घरी येतो. त्याला नेतात.
त्याला नेतात. तो घरी येतो.
दोन्ही बरोबर, ओडेल.
आई ताट वाढून ठेवते, हे कुठे टाकायचं?

शनिवारी साडेआठला, शाळेच्या जिममध्ये.
दोन पेन्सिली, ओळखपत्र.
सोडायला येतोस म्हणालास, सातलाच दारात असशील.
हल्ली तू सगळीकडेच तासभर आधी पोचतोस.
ही सवय कशी लागली, ते मी विचारत नाही.

ड्रायर थांबला.
कुणाचे तरी मोजे, एक कमी.
मालकाचा नियम आहे, नोंद करावी लागते.
मी लिहिते : काळा, टाचेला रफू,
डावा की उजवा सांगता येत नाही.